हीटर कोर बदलण्याआधी टाकीत डोकावा

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. उन्हाळाभर तक्रार नव्हती, थंडी पडली आणि डिफ्रॉस्टरने दगा दिला. पंखा जोरात वाजतो, समोरच्या काचेकडे हवाही येते, पण ती गारच. गाडी वेगात असली की जरा कोमट होते, सिग्नलला थांबलं की पुन्हा गार. काच आतून सारखी धुरकटते, त्यामुळे बायको शेजारी बसून फडक्याने पुसत असते. तापमानाचा काटा मात्र नेहमीच्या जागी असतो. डिफ्रॉस्टचं बटण दाबलं की एसीचा दिवा आपोआप लागतो. मेहुणे म्हणाले, थंडीत एसी कशाला, उगाच पेट्रोल जाळतोस. म्हणून तो मी बंद करतो. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हवा आतल्या आत फिरवायचं बटणही चालू ठेवतो. मागच्या काचेवर वरच्या चार रेषांपाशी धुकं हटत नाही. गॅरेजमध्ये हीटर कोर बदलायला सांगितलंय, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. करून टाकू का? हो, एक राहिलं. उन्हाळ्यात इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी दिसलं तेव्हा दोन-तीनदा साधं पाणी घातलं होतं.

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ‘एक राहिलं’ म्हणून शेपटाला बांधलंय. कूलंट कमी झालं होतं, तेही दोन-तीनदा. म्हणजे ते कुठून तरी जातंय, आणि उन्हाळ्यात हीटरच्या ज्या उबेची गरजच नव्हती तिची उणीव आता थंडीत भासतेय. डॅशबोर्ड उतरवायची घाई करू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं व्हायला नको.

डिफ्रॉस्टर म्हणून गाडीत वेगळं यंत्र नसतं. इंजिन तापतं, त्याची उष्णता कूलंट घेतं, ते गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. तोच तुमचा हीटर कोर. पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो, आतल्या झडपा ती हवा काचेकडे वळवतात, आणि एसी तिच्यातलं बाष्प काढून घेतो. तुमचा पंखा चालतोय आणि हवा काचेकडे येतेय, म्हणजे त्या दोन गोष्टी सुटल्या. उरलं काय, तर उष्णता आणि कोरडेपणा. उष्णता गाडी देत नाहीये. कोरडेपणा मात्र, माफ करा, तुम्ही आणि मेहुणे मिळून घालवताय.

आधी उष्णतेचं बघू. ‘वेगात कोमट, थांबलं की गार’ हे लक्षण बोलकं आहे. कूलंट फिरवणारा पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो. गाडी उभी असताना त्याचा जोर कमी. यंत्रणेत कूलंट कमी असलं की हवेचे बुडबुडे शिरतात आणि उंचावरच्या जागी जाऊन बसतात. पुष्कळ गाड्यांत हीटर कोर अशाच उंच जागी असतो. मंद फिरणाऱ्या पंपाला तो बुडबुडा हलवता येत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की पंप जोरात ढकलतो, थोडं गरम पाणी कोरमधून निघतं, हवा कोमट होते. पुढचा सिग्नल आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गच्च तुंबलेला कोर असा थांबण्या-पळण्याबरोबर इतका बदलत नाही, तो बहुधा सगळीकडेच रडतो. म्हणून माझा पहिला संशय कमी कूलंटवर आणि कोंडलेल्या हवेवर.

संशय खरा की खोटा, हे घरीच तपासता येईल. रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण थंड गाडी घ्या. बॉनेट उघडून कूलंटची टाकी बघा, ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांमध्ये पातळी कुठे आहे ते. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर ते उघडून आतही डोकवा, कारण कधी कधी टाकीत दिसतं आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा असतो. गरम इंजिनवर ते झाकण चुकूनही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण सैल होताच तोंडावर उसळतं.

मग इंजिन चालू करून हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. काटा मधोमध आला की आणखी थोडा वेळ जाऊ द्या, इंजिन बंद करा आणि इंजिन व डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीत शिरणारे दोन रबरी पाइप शोधा. अंगठ्याइतके जाड असतात. जाड हातमोजा घालून आधी एकाला, मग दुसऱ्याला हात लावा. (रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा, काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.) दोन्ही पाइप चांगले तापलेले असतील तर उष्णता कोरपर्यंत पोचतेय आणि दोष आतल्या झडपेचा, अशा वेळी नॉब गार-गरम फिरवताना डॅशबोर्डमागून बारीक टकटक ऐकू येते का बघा. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दात तुटले की ती तशी वाजते. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल तर कोरमधून प्रवाह जात नाहीये, एकतर कोर तुंबलाय किंवा वाटेतला व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही जेमतेम कोमट असतील तर कूलंट कमी आहे, हवा कोंडलीय, नाहीतर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडा अडकलाय.

थर्मोस्टॅटची चाचणी सोपी आहे. तो साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर मोठ्या रेडिएटरकडे पाणी जाऊच देत नाही. म्हणून थंड गाडी सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप पहिली काही मिनिटं गार राहायला हवा आणि मग थोड्या वेळात एकदम तापायला हवा. तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, आणि तुमचं इंजिन थंडीत सगळी ऊब बाहेरच्या वाऱ्याला वाटत सुटलंय. काटा जागेवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. तापमान दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झालं तरी मधोमधच उभा राहतो, चालकाला घोर नको म्हणून.

आता त्या साध्या पाण्याबद्दल. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. कूलंटचा वाटा ३० टक्क्यांवर आला की ही मर्यादा उणे १५ वर येते, २० टक्क्यांवर उणे ८. तुम्ही दर खेपेला पाणी घालून हा वाटा कमी करत आलात. पातळ झालेलं मिश्रण एकदम दगडासारखं गोठत नाही, आधी त्याचा बर्फाळ लगदा होतो. तो लगदा हीटर कोरच्या बारीक नळ्यांत अडकला की सकाळी हवा गार आणि दुपारी तीच गाडी ठणठणीत. ‘गॅरेजमध्ये नेली की नीट चालते’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काही जणांचं दुखणं हेच असतं. आणि थंडी आणखी वाढली तर पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ते फुगणं रेडिएटर आणि इंजिनचा ब्लॉक सोसत नाही.

त्यामुळे नुसती पातळी भरू नका. कोणत्याही बऱ्या मेकॅनिककडे कूलंट किती अंशांना गोठेल ते सांगणारं छोटं उपकरण असतं, दोन थेंबांत काम होतं. माझं मत विचाराल तर इतक्या वेळा पाणी घातलेलं कूलंट सरळ काढून नवीन भरा. गाडीच्या पुस्तिकेत दिलंय तेच घ्या. नुसता रंग जुळतोय म्हणून दुसरं घालू नका, रंगावरून आतली रसायनं कळत नाहीत. आणि उत्साहाच्या भरात पाणी न मिसळता निव्वळ कूलंटही ओतू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण निव्वळ कूलंट उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, मिश्रणापेक्षा कितीतरी आधी. सांडलेलं लगेच पुसून घ्या. बऱ्याच कूलंटमध्ये असणारं ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं, त्यामुळे लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्यापासून लांबच हवीत.

भरताना आतली हवा काढणं हाच खरा भाग आहे, आणि घाईत तोच राहून जातो. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा स्क्रू असतो, काहींना यंत्राने हवा खेचून भरावं लागतं. साध्या पद्धतीत गाडीचं नाक थोडं उंच करतात, हीटर पूर्ण गरमवर ठेवतात, थंड असतानाच झाकण काढून मग इंजिन चालू करतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहतात. पातळी मध्येच घसकन खाली जाते, ती बघून घाबरू नका. कोंडलेली हवा निघाल्याची ती खूण आहे. झाल्यावर हवेच्या झरोक्यात साधा थर्मामीटर धरा. तापलेल्या इंजिनवर हवा साधारण ५० अंशांच्या पुढे जायला हवी. एवढं करूनही एक पाइप गरम आणि एक गार राहिला, तर कोर उलट्या दिशेने हलक्या दाबाच्या पाण्याने धुवून बघायला सांगा. बदलायची पाळी त्यानंतर.

आता मेहुण्यांकडे वळते. डिफ्रॉस्ट दाबलं की एसी आपोआप लागतो, ती गाडीची चूक नव्हे. एसी म्हणजे गारवा हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण इथे त्याचं काम हवा वाळवायचं आहे. हवा आधी एसीच्या थंड जाळीवरून जाते, तिथे तिच्यातलं बाष्प पाणी होऊन गळतं, मग ती कोरडी हवा हीटर कोरवर तापून काचेवर येते. बाहेर अगदी शून्याच्या जवळ गेलं की बऱ्याच गाड्या एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहूनच बंद ठेवतात, नाहीतर त्या जाळीवरच बर्फ धरेल. मग दिवा लागलेला दिसला तरी एसी काही करत नसतो, आणि त्याने बिघडतही नाही, कारण तेव्हा बाहेरची हवा मुळातच कोरडी असते.

हे जरा आकड्यांत सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या बटणाचा निकालही त्यातच आहे. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. शून्य अंशाला तिला ५ ग्रॅमसुद्धा झेपत नाही. म्हणजे बाहेरची गारठलेली हवा आत घेऊन तापवली की ती वाळवंटासारखी कोरडी, तहानलेली होते आणि काचेवरचं पाणी पिऊन टाकते. तुम्ही मात्र ती हवा बाहेर ठेवून आतलीच फिरवताय. त्या हवेत तुमचे दोघांचे श्वास, ओल्या बुटांचं पाणी आणि बायकोच्या हातातलं ओलं फडकं, सगळं आहे. ती हवा गार काचेवर आली की बाष्प तिथेच सोडणार, दुसरं काय करणार? ते बटण बंद करा. पहिली काही मिनिटं ऊब कमी वाटेल, काच मात्र निघेल. आणि एसी राहू द्या. मेहुण्यांना पेट्रोलची एवढीच काळजी असेल तर डिक्कीतलं अनावश्यक सामान उतरवायला सांगा.

काचेला आतून हात लावून बघा. बोटाला तेलकट थर लागला तर वाफ त्याच्यावर जास्त चिकटते. काच स्वच्छ धुवून कोरड्या कापडाने पुसा. मॅटखाली पाणी साचलेलं असेल तर मॅट बाहेर काढून वाळवा. पंख्याआधीचा केबिन फिल्टर आणि वायपरखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळाही बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. सकाळी बर्फ धरलेल्या काचेवर गरम पाणी मात्र ओतू नका. समोरची काच तडकते, मागची तर अख्खी चुरा होऊ शकते. आणि गाडी तापवायची म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मागची काच हा निराळाच मामला आहे. तिचा कूलंटशी, हीटर कोरशी काही संबंध नाही. काचेवर चांदीमिश्रित लेपाच्या बारीक रेषा भाजून बसवलेल्या असतात, दोन्ही कडांना एकेक रुंद उभी पट्टी असते आणि त्या पट्ट्यांमधून १२ व्होल्टचा प्रवाह रेषांमध्ये जातो. सगळ्याच रेषा बंद असत्या तर मी फ्यूज, रिले किंवा कडेला जोडलेली तार बघायला सांगितलं असतं. तुमच्या फक्त वरच्या चार बंद आहेत, म्हणजे त्या चार कुठेतरी तुटल्यात. डिक्कीतलं सामान घासून, नाहीतर आतून खरवडून असं होतं. मीही एका हिवाळ्यात घाईघाईने खिशातल्या प्लास्टिक कार्डाने आतलं दहिवर खरवडलं होतं. काच दोन मिनिटांत मोकळी झाली आणि तीन रेषा कायमच्या गेल्या.

तुटलेली जागा शोधायला मला उपकरणांपेक्षा तोंडाची वाफ आवडते. दमट सकाळी मागच्या सीटवर गुडघे टेकून बसा, डिफॉगर, म्हणजे या रेषा तापवणारं बटण, चालू करा, एक मिनिट थांबा आणि काचेच्या अगदी जवळून ‘हाऽऽ’ करत एका रेषेवर डावीकडून उजवीकडे वाफ सोडत जा. जिवंत रेषेवरची वाफ आधी रेषेपुरतीच फाटते, मग दोन्ही बाजूंना रुंदावत जाते, कापडावरचा डाग वाळावा तशी. मेलेल्या रेषेवर ती जिथल्या तिथे बसून राहते. यात रेषा कळते, पण नेमकी जागा कळत नाही, कारण एका ठिकाणी तुटली तरी अख्खी रेषा गार पडते.

जागेसाठी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं उपकरण, लागेल. काळं टोक गाडीच्या पत्र्याला लावा. लाल टोकाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा छोटा गोळा गुंडाळा, म्हणजे रेषेवर नवा ओरखडा पडणार नाही. डिफॉगर चालू ठेवून ते रेषेवरून सरकवत न्या. धडधाकट रेषेवर आकडा एका टोकाला १२ च्या आसपास, मध्यावर ६ आणि दुसऱ्या टोकाला शून्य असा उतरत जातो. तुटलेल्या रेषेवर तो १२ वर ठाण मांडून बसतो आणि एका जागी धाडकन शून्यावर येतो. तीच जागा. बाहेरून तिथे पेनने खूण करा.

दुरुस्तीला वीजवाहक चांदीचा रंग मिळतो, छोट्या बाटलीत. डिफॉगर बंद करून ती जागा स्पिरिटने पुसा, रेषेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावून रेषेएवढीच फट ठेवा, आणि तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना थोडं पुढे जाईल असा रंग दोन-तीन पातळ थरांत द्या. रंग सुकायच्या आत पट्टी अलगद काढा. एक दिवस डिफॉगरला हात लावू नका. तो दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होत असेल तर ती बिघाडाची खूण समजू नका, बॅटरीवर ताण नको म्हणून तशी योजनाच असते.

राहिला मूळ प्रश्न, कूलंट जातं कुठे. थंडीत रबरी पाइप आखडतात आणि त्यांच्या क्लॅम्पमधून गळती होते, इंजिन तापलं की तीच बंद होते. म्हणून गाडीखाली बघायचं ते सकाळी, सुरू करायच्या आधी. पंपाच्या खालून सुकलेल्या कूलंटचे पांढरट-रंगीत ओघळ दिसतात का बघा. रेडिएटरचं झाकण जुनं असेल तर तेही तपासून घ्या. हवा काढून झाल्यावरही टाकीत बुडबुडे येतच राहिले, किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि वरच्या भागामधल्या सीलची, शंका धरा आणि गाडी चालवू नका.

आणि आज घरी गेल्यावर बायको बसते त्या बाजूच्या पुढच्या सीटसमोरची मॅट उचला आणि डॅशबोर्डखालच्या कार्पेटवर पांढरा कागदी रुमाल जोरात दाबा. कोरडा निघाला तर वर सांगितलेल्या क्रमाने जा. काही गाड्यांत एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली तरी तिथे ओल येते, पण ते साधं पाणी असतं. रुमाल रंगीत, बुळबुळीत निघाला, गाडीत गोडसर वास येत असेल आणि काचेवरचा तो तेलकट थर पुसल्यावर दोन दिवसांत परत येत असेल, तर कूलंट हीटर कोरमधूनच आत गळतंय. मग तुमचा गॅरेजवाला बरोबर आणि मी चूक; डॅशबोर्ड उतरवू द्या.